गाडीतली हजेरी : मॉड्यूल बोलेनासं झालं तर दोष कोणाचा?



पाचवीच्या परिसर अभ्यासात संदेशवहन हा घटक आहे. पत्र, फोन, रेडिओ, उपग्रह असं सगळं आपण त्यात शिकवतो. यंदा मी त्यात एक गोष्ट जोडली: चारचाकी गाडीच्या आत चालणारं संदेशवहन. ती का जोडली, याला कारण आमचीच गाडी. तुमच्यापैकी अनेकांकडे गाडी आहे आणि कधी ना कधी तुम्हालाही हा प्रसंग येणार, म्हणून आधी प्रसंग सांगते, मग पाठ.

जुलै महिना, धो धो पाऊस. आम्ही पाम बीच रोडवरून नेरुळकडे येत होतो. गाडी चालू, वेग पन्नासच्या आसपास, आणि अचानक स्पीडोमीटरचा काटा शून्यावर! पाठोपाठ एबीएसचा पिवळा दिवा, मग स्टिअरिंगचा दिवा. इंजिन मात्र मजेत चालू. कडेला घेऊन गाडी बंद करून परत चालू केली, तर सगळं ठीक. चार दिवसांनी पावसात पुन्हा तेच.

एका वर्कशॉपमध्ये दाखवलं. त्यांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. इंजिन, स्टिअरिंग आणि मीटर अशा तीन ठिकाणी एकच कोड निघाला, यू०१२१. त्याचा अर्थ 'एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला'. निदान दोन मिनिटांत झालं: "एबीएस मॉड्यूल गेलंय. बदलावं लागेल. अडतीस हजार, लेबर वेगळं." तीन साक्षीदार एकाच नावाकडे बोट दाखवत होते, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. घरी येऊन कुठल्या एफडीला हात लावायचा याची चर्चासुद्धा सुरू झाली.

त्याच आठवड्यात पालकसभा होती. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा तुर्भ्याला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतात. सभा संपल्यावर सहज त्यांना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "मॅडम, कोड कोणी दिलाय?"

मी म्हटलं, "स्कॅनरने."

"तसं नाही. गाडीतल्या कुठल्या मॉड्यूलने दिलाय? एबीएसने स्वतः काय सांगितलं?"

मला ते माहीतच नव्हतं. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही रोज हजेरी घेता ना. गैरहजर कोण ते हजेरीपटावर असतं. का गैरहजर, ते नसतं."

या एका वाक्यावर आजचा सगळा पाठ उभा आहे.

गाडीतले संगणक बोलतात कसे?

आजच्या गाडीत एक संगणक नसतो, अनेक असतात. इंजिनचा एक, ब्रेकचा म्हणजे एबीएसचा एक, स्टिअरिंगचा एक, एअरबॅगचा एक, दिवे-काचा-लॉक सांभाळणारा बीसीएम, आणि समोरचं मीटर हाही एक. यांना मॉड्यूल किंवा ईसीयू म्हणतात. जाळ्याच्या भाषेत प्रत्येकाला 'नोड' म्हणतात. आपल्या नवी मुंबईकरांना हा शब्द काही नवा नाही. सिडकोने शहरच वाशी नोड, नेरुळ नोड असं वसवलं.

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळी वायर असे. गाडीत सोयी वाढल्या तसा वायरींचा गठ्ठा जाड होत गेला. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे आपली पद्धत जगापुढे मांडली. कंट्रोलर एरिया नेटवर्क, थोडक्यात 'कॅन'. १९९३ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. (नाशिकच्या वाचकांना मायको सर्कल माहीत असेलच. ती मायको म्हणजे आजची बॉश.)

कॅनमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या फक्त दोन वायरी असतात, कॅन-हाय आणि कॅन-लो. सगळी मॉड्यूल याच जोडीला जोडलेली. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही वायरींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. बोलताना हाय साडेतीनवर चढते आणि लो दीडवर उतरते. ऐकणारा फक्त दोघींमधला फरक बघतो. बाहेरून काही विद्युत गोंगाट आला तर पीळ असल्यामुळे तो दोन्ही वायरींवर सारखाच पडतो, फरक तोच राहतो आणि निरोप बिघडत नाही. इंजिन-ब्रेकच्या जाळ्यावर साधारणपणे सेकंदाला पाच लाख बिट या वेगाने बोलणं चालतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. या निरोपावर 'प्रति, अमुक अमुक' असा पत्ता नसतो. विषयाचा क्रमांक असतो. एबीएस म्हणतं, "चाकांचा वेग इतका." हे वाक्य ते सेकंदात कित्येकदा म्हणत राहतं. ज्याला गरज आहे तो ते उचलतो. मीटर त्यावरून काटा हलवतं, स्टिअरिंग त्यावरून किती मदत करायची ते ठरवतं, इंजिनही ते वापरतं. म्हणून एकटं एबीएस गप्प झालं की आमच्यासारख्या गाडीत काटा पडतो, स्टिअरिंगचा दिवा लागतो, आणि बिघाड गाडीभर पसरल्यासारखा वाटतो.

ठरलेल्या वेळात निरोप आला नाही की ऐकणारं मॉड्यूल आपल्या वहीत नोंद करतं: अमक्याचा आवाज येत नाही. हाच तो यू-कोड. म्हणजे यू०१२१ हा कोड एबीएसने दिलेला नसतो, एबीएसबद्दल इतरांनी दिलेला असतो. यू०१०० म्हणजे इंजिनचा आवाज येत नाही, यू०१४० म्हणजे बीसीएमचा. सगळी 'ऐकू येत नाही' अशी वाक्यं आहेत. 'तो खराब आहे' असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही.

मग एखादं मॉड्यूल गप्प का बसतं? त्याला वीज मिळत नसेल. अर्थ मिळत नसेल. त्याच्यापर्यंत येणारी कॅनची वायर तुटली असेल, कपलरमध्ये पाणी गेलं असेल. बदललेलं मॉड्यूल त्या गाडीसाठी कोडिंग न करताच बसवलेलं असेल. किंवा ते खरंच मेलं असेल. शेवटचं कारण सर्वांत महाग, आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी तपासणीची सुरुवात तिथूनच होते.

रविवारची तपासणी

रविवारी गाडी तुर्भ्याला नेली. सकाळपासून पाऊस होता आणि दिवे लागलेले होते. दादा खूश. "दोष हजर असताना आलात ते बरं झालं. ऊन पडलं असतं तर नुसतेच शोधत बसलो असतो."

आधी त्यांनी स्कॅनरवर एकेका मॉड्यूलला हाक मारली. इंजिन बोललं, स्टिअरिंग बोललं, बीसीएम बोलला, एअरबॅग बोलली. एबीएसकडून उत्तर नाही. हे त्यांनी कागदावर दोन रकान्यांत लिहिलं: कोण बोलतंय, आणि कोण कोणाबद्दल तक्रार करतंय. बाकीचे सगळे एकमेकांशी नीट बोलत होते, त्यामुळे सामाईक वायरींवर त्यांचा फारसा संशय नव्हता. तरी खात्री केली.

ती खात्री कशी केली ते पालकांनी नीट वाचा, कारण साधा मल्टिमीटर त्यासाठी पुरतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि दहा मिनिटं थांबले. बॅटरी जोडलेली असताना हे माप घेतलं तर आकडा चुकीचा येतो. मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रोध मोजला. ६०.४ ओहम.

साठच का? कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो तसा वायरीच्या टोकाला आपटून संदेश परत येऊ नये, म्हणून तो बसवलेला असतो. दोन १२० समांतर जोडले की ६० होतात. म्हणून ६० आले तर मुख्य वायर आणि दोन्ही टोकं ठीक. १२० आले तर एक टोक तुटलेलं. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. एक सूचना: काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतलं जाळं यांच्यामध्ये गेटवे नावाचं वेगळं मॉड्यूल असतं. तिथे सॉकेटवरचं माप आतल्या जाळ्याबद्दल काहीच सांगत नाही, जाळ्यावरच मोजावं लागतं.

नंतर एबीएसचा कपलर काढला, बॅटरी परत जोडली आणि कपलरच्या वीज व अर्थ या दोन पिनांमध्ये व्होल्ट मोजले. १२.४. मी लगेच म्हटलं, "म्हणजे वीजही आहे, अर्थही आहे. मॉड्यूलच गेलं की."

"मॅडम, मीटरवर जाऊ नका."

त्यांनी गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी लावल्या आणि त्याच दोन पिनांना जोडला. बल्ब लागला, पण निखाऱ्यासारखा, मंद. मग बल्ब तसाच पेटता ठेवून त्यांनी अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर लावलं. साडेतीन व्होल्टच्या वर! तिथे जवळजवळ शून्य हवं, फार तर ०.२.

हे मला समजायला वेळ लागला, म्हणून तुम्हालाही सावकाश सांगते. आपल्या सोसायटीच्या पाइपात गंज साचलाय असं समजा. नळ बंद असताना त्याच्या मागे पाण्याचा दाब पूर्ण भरतो, दाब मोजला तर सगळं उत्तम. नळ उघडला की करंगळीएवढी धार. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणजे तो बंद नळावर दाब मोजतो. बल्ब दीड-पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणजे नळ उघडतो. तेव्हा खरं काय ते कळतं. एबीएसमध्ये पंपाची मोटर असते, तिला तर याहून कितीतरी जास्त प्रवाह लागतो.

अर्थची वायर शोधत ते बॅटरीखालच्या ट्रेपर्यंत पोहोचले. ट्रे काढला तर तिच्याखाली बॉडीला मारलेला बोल्ट, वर पांढरी-हिरवी भुकटी. जुन्या बॅटरीचं ॲसिड ओघळलेलं, त्यात खाडीकाठची आपली खारट दमट हवा. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासून खालचा पत्रा चमकवला, वॉशर नवा घातला, घट्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. बल्ब पांढराशुभ्र पेटला. कपलर बसवला आणि स्कॅनरवर हाक मारली. एबीएस बोललं! त्याच्या स्वतःच्या वहीतही एक नोंद होती: पुरवठा व्होल्टेज कमी. बिचारं आतल्या आत कारण लिहून बसलं होतं, पण सांगणार कोणाला?

सातशे रुपये झाले. नंतरचा सगळा पावसाळा गाडी नीट चालली.

पहिल्या वर्कशॉपवाल्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. स्कॅनर नाव दाखवतो, दारात गाड्यांची रांग असते, आणि बल्ब लावून बघायला वीस मिनिटं जातात. पण त्या वीस मिनिटांची किंमत आमच्यासाठी अडतीस हजार होती. शिवाय एबीएसचं अख्खं युनिट बदलायचं म्हणजे ब्रेकची लाइन उघडायची, ऑइल काढायचं, हवा काढायची. धडधाकट ब्रेकला हात लावायचा, आणि नवं युनिट पुन्हा त्याच गंजलेल्या बोल्टवर बसणार!

वर्गात काय केलं

सोमवारी याचा खेळ केला. साहित्य: दोन रंगांच्या सुतळ्या, खडू, पाट्या. सहा मुलं गोलात बसली, सगळ्यांच्या हातात पीळ घातलेली सुतळी. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी: इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, मीटर, दिवे, एअरबॅग. मी टाळी वाजवली की प्रत्येकाने पाटीवर आपला आकडा लिहून दाखवायचा. एखाद्याचा आकडा तीन टाळ्यांत दिसला नाही तर बाकीच्यांनी वहीत लिहायचं: अमका गैरहजर.

ब्रेक झालेल्या मुलाला मी मुद्दाम खडू दिला नव्हता. तो बोलून सांगू शकत नव्हता, तसा नियमच होता. तीन टाळ्यांनंतर पाच वह्यांत एकच नाव. मी विचारलं, "आता काय करायचं?" बहुतेकांचं उत्तर, "त्याला बदला, बाई." एक मुलगी मात्र उठून त्याच्याजवळ गेली, त्याचे हात उघडून बघितले आणि म्हणाली, "याच्याकडे खडूच नाही."

दुसरा खेळ: दोघं एकदम बोलले तर? कॅनमध्ये यावर छान नियम आहे. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक शून्य-एकमध्ये जातो, आणि वायरीवर शून्य नेहमी एकावर मात करतो. आपण एक पाठवला आणि वायरीवर शून्य दिसला, तर आपण थांबायचं आणि ऐकायचं. वर्गात उघडा तळहात म्हणजे शून्य, मूठ म्हणजे एक. तिघांना ०११, १०१, ०१० असे क्रमांक द्या. पहिल्या टाळीला दोन तळहात, एक मूठ, मूठवाला बसला. दुसऱ्या टाळीला दोन्ही मुठी, कोणी बसलं नाही. तिसऱ्या टाळीला एक मूठ, एक तळहात, ०१० जिंकला. लहान क्रमांक आधी बोलतो, म्हणून तातडीच्या निरोपांना लहान क्रमांक देतात. जिंकणाऱ्याचं बोलणं एकदाही तुटत नाही आणि हरलेला नंतर पुन्हा प्रयत्न करतो. दुहेरी संख्या शिकवायला याहून सोपी वाट मला तरी सापडलेली नाही.

पालकांसाठी थोडंसं. यू-कोड निघाला तर यादीचा फोटो मागून घ्या आणि तीन गोष्टी विचारा: तक्रार कोणत्या मॉड्यूलची आहे, ज्याच्याबद्दल आहे ते स्कॅनरला उत्तर देतं का, आणि त्याची वीज व अर्थ लोड लावून तपासली का. बाहेरून बसवलेला टेप, रिव्हर्स कॅमेरा, सॉकेटला लावलेला ट्रॅकर असं काही असेल तर ते आवर्जून सांगा; कुठल्या वायरीतून जोड घेतलाय देव जाणे. गाडी पार्किंगमध्ये उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघायला सांगा. टाचणी टोचून वायर तपासू देऊ नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी जातं. पिवळ्या रंगाचे कपलर एअरबॅगचे, त्यांना घरी अजिबात हात लावू नका. आणि दिव्यांचं लक्षात ठेवा: एबीएसचा पिवळा दिवा एकटा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ शकतं, जपून चालवा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच थांबवा.

खेळ संपल्यावर त्याच मुलीने विचारलं, "बाई, सगळ्यांनीच सगळ्यांना गैरहजर लिहिलं तर?"

उत्तर मला येत नव्हतं, दुसऱ्या दिवशी दादांना विचारून आले. तेव्हा दोष सामाईक वायरीत असतो, किंवा एखादं मॉड्यूल बिघडून सतत मध्ये मध्ये बोलत असतं. तशी वेळ येऊ नये म्हणून कॅनमध्ये सोय आहे: प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजतं. पाठवताना चूक झाली की आठ गुण वाढतात, निरोप नीट गेला की एक कमी होतो, आणि बेरीज २५५ च्या पुढे गेली की ते स्वतःहून वायरीपासून दूर होतं. पण बिघाड मॉड्यूलच्या त्या बोलणाऱ्या चिपमध्येच असेल तर ही सोय चालत नाही. मग स्कॅनर लावून ठेवतात आणि चावी बंद करून एकेका मॉड्यूलचा कपलर काढतात, प्रत्येक वेळी चावी लावून बाकीचे बोलायला लागले का ते बघतात. ज्याला काढल्यावर बोलणं सुरू झालं, तो किंवा त्याची वायर दोषी. काढलेलं मॉड्यूल टोकाचं असेल तर त्याच्याबरोबर १२० ओहमचा रोधकही निघून जातो, हे तेवढं ध्यानात ठेवायचं.

हे वर्गात करून बघितलं. सहा जणांपैकी एकाला गुपचूप सांगितलं होतं की सुतळी सतत हलवत राहा. त्याला पकडायला मुलांना चार फेऱ्या लागल्या.